मायच्या हातची बोणी

लिंबायतला आम्ही राहायचो तेव्हा घरात घड्याळ नव्हतं, आणि त्याची गरजही नव्हती. भिंतीला भिंत लागून खातं होतं. इथं सुरतेत लूम चालतात त्या शेडला खातं म्हणतात. त्यात बारा लूम दिवसरात्र खटखटायचे. पाळी बदलताना ती खटखट जराशी बारीक व्हायची, एकेक लूम थांबायचा, मग पुन्हा सुरू. तेवढ्यावरून माय उठायची. लूम चालू असताना आम्ही सगळे ओरडून बोलायचो, त्यामुळं गावाकडचे पाहुणे आले की त्यांना वाटायचं घरात भांडण चाललंय. माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही नापास. म्हणून कोणाला माझ्या लिहिण्यात चुका दिसल्या तर दिसू द्या. माझी बायको इंदू होती तोवर मी कधी काही लिहिलं नाही, कारण जे सांगायचं ते तिला सांगून व्हायचं. ती आता नाही. नातवंडं आपसात गुजराती बोलतात, त्यांना हे वाचता येणार नाही. तरी लिहितो.

आबा, म्हणजे माझे वडील, त्याच खात्यात लूम चालवायचे. मी चौदाव्या वर्षापासून दुसऱ्या खात्यात कांड्या भरायचो, म्हणजे लूमच्या धोट्यात बसतात त्या नळ्यांवर सूत गुंडाळायचो. घरात आम्ही चौघं. आबा, माय, मी आणि धाकटी बहीण सुमन. खोली एक, तिच्यात चूल, आणि चुलीवर जे व्हायचं ते सगळं खानदेशातलं. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, आणि थंडीत भरीत. मायनं वांगं भाजायला घेतलं की त्या वासानं खात्यातले परप्रांतीय कामगारसुद्धा दाराशी डोकावायचे. तिचा काळा मसाला घरचा असायचा. उन्हाळ्यात ती पत्र्यावर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, घालायची, आणि राखण मी करायचो, म्हणजे निम्म्या मीच ओल्या ओल्या खायचो. सुरतेची पापडी, म्हणजे वालाच्या शेंगा, ही गोड भाजी, इथले लोक ती गोडीगोडीनं करतात. माय तिच्यात काळा मसाला घालून ती लाल काळी करून टाकायची. रतनबेननं एकदा आमच्याकडं ती खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि म्हणाली, "बेन, मारी पापडीए तारूं शुं बगाड्युं?" माझ्या पापडीनं तुझं काय वाकडं केलं, असं.

ही रतनबेन कोण ते सांगतो. रेल्वे फाटकाच्या पुढं शाकमार्केट भरायचं, त्यात तोंडालाच ती बसायची. कामरेजकडची. वांगी, पापडी, रताळी विकायची. नवरा कधीच वारला होता, पांढरा साडला, हात मोकळे. तिच्या पलीकडं तुकाभाऊ, हा आमच्याच नंदुरबारचा, लाल मिरची विकायचा आणि सारखा शिंकायचा. त्याच्यापुढं कासमचाचा, आलं लसूण घेऊन. मार्केट मोठं होतं, पण मायचं मार्केट म्हणजे हे तिघं.

आणि या तिघांना माय लागायची ती बोणीला. आमच्याकडं भवानी म्हणतात, इथं बोणी. सकाळची पहिली विक्री. ती कोणाच्या हातची होते यावर दिवस कसा जाणार हे ठरतं, असं भाजीवाले मानतात, तेव्हाही मानायचे आणि आजही मानतात. मायचा हात चांगला, हे कसं ठरलं मला माहीत नाही. रतनबेन सांगायची की एका पावसात कुत्रं फिरकत नव्हतं, माय भिजत आली, पावशेर वांगी घेतली, आणि अकराच्या आत टोपली रिकामी. तेव्हापासून माय येईस्तोवर ती वजनकाटा उचलायची नाही. गिऱ्हाईक उभं असलं तरी उभं ठेवायची. मग तुकाभाऊनं तेच धरलं, मग कासमचाचानं. माय कपाळभर कुंकू लावून, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या, पिशवी काखेत मारून फाटक ओलांडताना दिसली की कासमचाचा ओरडायचे, "सूरज तो कब का निकला, खानदेशवाली अब निकली!" तुकाभाऊ म्हणायचा, "वहिनी, पाय उचला जरा, मिरच्या झोपल्या माझ्या." माय बोणीला घासाघीस करायची नाही, आणि ते तिला जास्त भाव सांगायचे नाहीत. तिच्या हातचं नाणं रतनबेन कपाळाला लावायची, मग काट्याच्या पारड्याला, मग गोणपाटाखाली सारायची. मायला घरात कोणी एवढा मान दिला नव्हता, मीसुद्धा नाही. आबा तिला नावानं हाक मारायचे नाहीत, "ओ, ऐक" म्हणायचे. त्या तिघांसमोर ती वेगळी बाई व्हायची. खांदे मागं जायचे. तिचं गुजराती म्हणजे आमचीच भाषा, शेवटी एक छे लावलेला, पण तिथं ती बिनधास्त बोलायची आणि सगळे हसायचे.

आबा काविळीनं गेले. आठ दिवसांत गेले. त्याबद्दल मला फार लिहायचं नाही. बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, दोंडाईच्याकडून काका आले. तेराव्यानंतर काका म्हणाले, "वहिनी, घरात बाप्या नाही. शहरात बाईमाणसानं राहायचं नाही. आवरा." मी तिथंच बसलो होतो. सोळा वर्षांचा होतो, मिसरूड फुटलं होतं, कमावत होतो. पण काकांना मी दिसलो नाही. तीन दिवसांनी भुसावळ पॅसेंजरनं जायचं ठरलं. मला जायचं नव्हतं. गावाला आमचं काही नव्हतं. काकांच्या ओसरीला पडायचं, आणि मायनं काकूच्या हाताखाली शेण आणि भांडी करायची, एवढंच तिथं वाट पाहत होतं हे मला कळत होतं. मायलाही कळत होतं. पण ती त्या दिवसांत हो नाही काहीच म्हणत नव्हती, ताटातली भाकरी मोडून तशीच ठेवायची.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना रतनबेननं मला हाक मारली. म्हणाली, "ए सुका, तारी माने मोकलजे. काले बपोरे. बपोरे हं." तुझ्या आईला उद्या पाठव, दुपारी, आणि दुपारी हे दोनदा म्हणाली. मग तिच्या बाजूला हात दाखवला. तिच्या शेजारी एक म्हातारी कोथिंबीर घेऊन बसायची ती लेकीकडं निघून गेली होती, दोन हात जागा मोकळी झाली होती, रतनबेननं तिथं आपली रिकामी टोपली उपडी घालून ठेवली होती, कोणी बसू नये म्हणून. "तुझी आई इथं बसेल. तिचा मसाला, त्या जुवारीच्या पापड्या. लिंबायत सगळं तुमच्याच लोकांनी भरलंय, घेतील. मी बोलते तिच्याशी." असं ती तिच्या भाषेत म्हणाली. मी घरापर्यंत पळत आलो. आता सुरत सुटणार नव्हती. माय मार्केटात बसणार, मी कांड्या भरणार, काकांनी एकट्यानं गाडीत बसावं.

आता माझी चूक. मी मायला जागेचं काही सांगितलं नाही. मला वाटलं रतनबेनच्याच तोंडून तिनं ऐकावं, आणि मी तिथं उभा असावा. मी एवढंच म्हणालो, "माय, रतनबेननं बलायं." माय भांडी घासत होती. म्हणाली, "कव्हय?" केव्हा. मला दुसऱ्या दिवशी नऊला, गावाला जायच्या आधीच्या शेवटच्या पाळीला जायचं होतं, दुपारी मी नसणार होतो. आणि मला वाटलं, सकाळी सगळं मार्केट जागेवर असतं, माय नेहमीसारखी बोणी करेल, सगळे बघतील हिचा हात कसा आहे, मग कोण म्हणेल हिला बसू देऊ नका? दुपारी काय, माशा असतात. म्हणून मी म्हणालो, "सकाळी. बोणीले."

मायचा हात राखेत थांबला. तिनं मला पुन्हा विचारलं, "तिनी सोता सांगं? बोणीले?" मी म्हटलं हो. तिनं माझ्याकडं इतका वेळ पाहिलं की मला वाटलं खोटं पकडलं. पण ते तसं नव्हतं. ती जे ऐकत होती ते मला कळतच नव्हतं. कुंकू पुसलं की हातपण पुसतात, हे मला कोण सांगणार? ते बायकांना माहीत असतं. ती भांडी तशीच टाकून आत गेली आणि त्या दिवशी तेराव्यानंतर पहिल्यांदा तिनं अख्खी भाकरी खाल्ली. ठेचा मागून घेतला. सुमनची वेणी घातली. सकाळी मी उठलो तर ती न्हाऊन बसली होती, बारीक बुट्ट्यांचं राखाडी लुगडं नेसून, पिशवी काखेत. फाटकापर्यंत ती माझ्या पुढं चालत होती.

मार्केट लागत होतं. रतनबेननं वांगी मांडून वर पाणी मारलं होतं, काटा गोणपाटावर पडला होता, अजून उचललेला नव्हता. तिनं आम्हाला पाहिलं आणि तिच्या तोंडावरचा रंग गेला. माय वाकली. तिचा नेहमीचा हात, बघत न बघत तीन वांगी उचलली आणि पारड्यात टाकायला गेली. रतनबेननं पारड्यावर तळहात ठेवला.

"बेन, हमणां नहीं. थोडी वार बेस."

आत्ता नाही, थोडा वेळ बस, असं. मायला वाटलं वांगी कोणासाठी तरी बांधलेली आहेत. तिनं ती ठेवली, दुसरी उचलली, आणि नाणं पुढं केलं. रतनबेन नाण्याकडं बघेना. ती मायच्या खांद्यावरून रस्त्याकडं बघत होती. तिकडून एक बाई जात होती, कुठली कोण, हातात पोर, कपाळाला टिकली. रतनबेननं तिला आवाज दिला, "ए बेन, आवो ने, बोणी करावो, जे आपवुं होय ते आपजो." काय द्यायचं ते दे, म्हणाली. ती बाई थांबली, पापडी घेतली, चिमटीनं चिवडत दोनदा भाव पाडला. रतनबेननं तिचे पैसे कपाळाला लावले, काट्याला लावले. हे सगळं होईपर्यंत माय नाणं तसंच धरून वाकलेली होती. मला ओढून न्यायचं सुचलं नाही.

मग रतनबेन एकदम हलली. दोन्ही हातांनी वांगी मायच्या पिशवीत कोंबायला लागली. "ले बेन, ले, आ बी ले." बोलताना रडत होती. म्हणाली, मी स्वतः रांडेली बाई, माझा हात आधीच तसला, तो रोज या गोणपाटावर असतो, त्यावर बोणी पण तशीच झाली तर मी काय खाऊ? मला बीक लागते बेन. बीक म्हणजे भीती. मायनं पिशवीचं तोंड धरून ठेवलं, पण वांगी परत काढली नाहीत. म्हणाली, "जास रतनबेन. गावले चालनू."

तुकाभाऊनं हे सगळं पाहिलं होतं. माय त्याच्यापुढं गेली तर त्यानं पाठ वळवून पोत्याची सुतळी सोडायला घेतली. "वहिनी, माल अजून सोडला नाही बघा," म्हणाला. मिरच्यांचा ढीग त्याच्या गुडघ्याला लागलेला होता. माय म्हणाली, "भाऊ, मिरची नको. गावाला चालले, सांगायला आले." तो सुतळीलाच म्हणाला, "बरं बरं. नीट जा." त्या दिवशी तो शिंकलापण नाही.

कासमचाचा उभे राहिले. बसलेला माणूस उभा राहिला, एवढंच लक्षात आहे. म्हणाले, "बहन, मेरे यहाँ से ले. अदरक ले, लहसुन ले." मायनं विचारलं, "चाचा, आधी कोणी नेलं का?" ते म्हणाले, "हाँ हाँ, मेरी तो कब की हो गई." लसणाचा ढीग समोर होता, शिगोशीग, वरून एक गड्डी उचललेली नव्हती. मायनं तो पाहिला, चाचांनी तिला तो बघताना पाहिलं. त्यांनी दोन गड्ड्या उचलून पुढं धरल्या. तिनं हात मागं घेतला आणि जोडला. म्हणाली, "तुमना धंदा चांगला चालो चाचा." आणि वळली. चाचांच्या मनात तसलं काही नव्हतं, त्यांनी खरोखर दिलं असतं. पण आता तिच्याच मनात बसलं होतं.

इथं मला थांबून एक लिहायचं आहे. इंदू गेल्यावर, तिचं सगळं झाल्यावर, मी गोडादऱ्याच्या मार्केटात गेलो. मला भाजी घेता येत नाही, कधी घेतलीच नव्हती. नऊ वाजले असतील. कांदे उचलले, नोट दिली. त्या पोरगेल्या भाजीवाल्यानं ती कपाळाला लावली, काट्याला लावली आणि म्हणाला, "लो काका, बोणी तमारा हाथनी." त्याला माहीत होतं इंदू गेल्याचं, तिच्याकडं तो नेहमी चौकशी करायचा माझ्या गुडघ्याची. माझी जोडीदार मेली तरी माझा हात चांगलाच. मी कांदे तिथंच टाकून आलो. तो मागून ओरडत होता, काका, भूली गया.

त्या दिवशी मी कामावर गेलो. हो, गेलो. मायला फाटकाशी सोडून शेवटची पाळी करायला गेलो, दुसरं काय करायचं ते माहीत नव्हतं. पण बारालाच सुटी मागून परत आलो. घरात रतनबेन बसलेली होती, भर धंद्यातून टोपली दुसऱ्याच्या भरवशावर टाकून आलेली. काका बाहेर ट्रंकेला दोरी बांधत होते. रतनबेन सांगत होती जागेचं. दहाला ये म्हणाली, माझी बोणी झाली की येत जा, संध्याकाळपर्यंत बस, तुझा मसाला हातोहात जाईल. आणि मग म्हणाली, "में तो सुकाने बपोरे कीधूं हतुं. बपोरे ज कीधूं हतुं." मी तर सुकाला दुपारीच सांगितलं होतं, असं.

माय माझ्याकडं वळली. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. तिनं शिवी दिली असती, कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं. ती परत वळली. मग रतनबेनला म्हणाली, तिच्या त्या मोडक्या भाषेत, की मी दहाला येईन, पण एखाद दिवशी तुझा माल खपणार नाही, आणि तू बोलणार नाहीस, पण माझ्याकडं बघशील. मला ते बघणं नको. रतनबेन नाही म्हणाली नाही. तेवढी ती खरी बाई होती. पदरानं तोंड पुसून उठली, सुमनच्या गालाला हात लावला, आणि गेली. मी तिच्यामागं गल्लीपर्यंत गेलो, म्हणालो, मावशी, पुन्हा सांग तिला, पुन्हा एकदा सांग. ती म्हणाली, "हवे ना माने, दीकरा." आता नाही ऐकायची.

दुसऱ्या दिवशी पॅसेंजरनं आम्ही गेलो. पिशवीतली वांगी मायनं नेली, आणि गावाला पोचल्यावर काकूनं त्यांचं भरीत केलं. सगळ्यांनी खाल्लं. मीपण खाल्लं.

गावाला जे झालं ते कोणी तिला करायला सांगितलं नाही, हे मला काकांच्या बाजूनं लिहिलं पाहिजे. काका कडक होते पण अपशकुनाचं काही बोलले नव्हते. मायनं आपणच सुरू केलं. सकाळी काका शेतावर निघायच्या वेळेला ती गोठ्यात जाऊन बसायची, ते वेशीबाहेर गेले की यायची. मग कोणी परगावी निघालं, कोणी बाजाराला निघालं, की माय आत. मग माझ्याबाबतीत पण. मी मजुरीला जायचो, तर भाकरी फडक्यात बांधून उंबऱ्यावर ठेवलेली असायची आणि माय दाराआड. उठवायचीसुद्धा दाराआडून, तांब्यावर वाटी वाजवून. मी किती वेळा म्हणालो, माय, हे काय खूळ, सुरतेला काय झालं ते झालं, माझी चूक होती, मी खोटं बोललो. ती म्हणायची, "तुनी चूक नही. तू पोऱ्या व्हता." आणि तरी दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर नुसती भाकरी.

दोन वर्षांनी मी पुन्हा सुरतेला निघालो. ओळखीच्या एकानं सांगितलं होतं, कडोदऱ्याला नवं खातं निघतंय, लूमवर माणूस लागतोय, येऊन मालकाला भेट. सकाळची गाडी होती. सुमन रडत होती, काकूनं हातावर दही दिलं, काकांनी पाठीवर थाप मारली. माय नव्हती. ती खोलीच्या दाराआड होती, फटीतून लुगड्याचा काठ दिसत होता. मी हाक मारली, "माय, भाईर ये. मी चालनू."

आतून म्हणाली, "मी आठेच शे. जाय तू. गाडी चुकी जाई."

"माय, तोंड तर दाखव."

"जाय बाबा. चांगल्या कामले निंघना तू."

दार उघडंच होतं, नुसतं लोटलेलं. मी ते ढकललं असतं, तिचा हात धरून तिला उजेडात आणलं असतं, तर पाच पावलांचं काम होतं. पन्नास वर्षं मी स्वतःला सांगत आलो की गाडीची वेळ झाली होती. इंदूलाही तेच सांगितलं. गाडीला अजून वेळ होता. मी त्या दाराला हात लावला होता, फळीचा गारवा लागला बोटांना, आणि मनात आलं, नव्या मालकाकडं चाललोय, काम मिळालं पाहिजे, आज नको. मग मी पिशवी उचलली आणि निघालो.